लेखाखालच्या कमेंटमधल्या लिंकला गूगलनं वजन द्यावं का?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या एका मामांनी गेल्या महिन्यात मला दुकानात बोलावून फोन पुढे केला. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इथं गदारोळ उठला. जग आता 'कोल्हापुरी चप्पल' शोधतंय, त्यात आपलं दुकान दिसायला पाहिजे, असं पुतण्यानं त्यांच्या मनावर घेतलं. वेबसाइट झाली. पाठोपाठ एका एजन्सीचा मेसेज आला : महिन्यात 500 बॅकलिंक, गूगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी. निम्मे पैसे आगाऊ गेले. महिना संपल्यावर एजन्सीनं एक्सेलची यादी पाठवली.

"पाचशे ओळी हायत हितं. पर गिऱ्हाईक एक बी आलं न्हाई. मला सांग पोरी, ह्ये लिंक लिंक म्हंत्यात ते नेमकं लावलंय कुटं?"

यादीतली पहिली ओळ उघडली. परदेशातल्या कुणाचा तरी बागकामावरचा लेख. त्याच्याखाली इंग्रजीत 'व्हेरी नाइस पोस्ट' आणि पुढे मामांच्या दुकानाचं नाव, त्यावर बोट ठेवलं की दुकानाची वेबसाइट. दुसरी क्रिकेटच्या लेखाखाली, तिसरी मधुमेहाच्या. नववी की दहावी मराठी निघाली. कुणीतरी गेलेल्या आजीबद्दल लिहिलं होतं. वर चुलीपुढे बसलेल्या म्हातारीचा फोटो, खाली दोन नातेवाइकांनी लिहिलेल्या चार ओळी, आणि त्यांच्याखाली मामांच्या दुकानाच्या नावानं : 'ग्रेट इन्फॉर्मेशन, कीप इट अप.'

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. "माणूस गेलंय तितं आमच्या नावानं ह्ये लिवलंय?" फोन उलटा करून त्यांनी गादीवर ठेवला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

मी वेबसाइट बनवण्याचं काम करते, आणि कोल्हापूरच्या जुन्या वस्तू नि खाण्यापिण्याबद्दल माझं स्वतःचं लिखाणही एका साइटवर असतं. त्यामुळे हा उकिरडा मला दोन्ही बाजूंनी दिसतो. मामांना त्या दुपारी जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर मांडते. प्रश्न असा : कुणाच्याही लेखाखाली कुणीही लिहिलेल्या कमेंटमध्ये लिंक असेल, तर गूगलनं ती त्या दुकानाची शिफारस म्हणून मोजावी का?

## लिंक म्हणजे टाकलेला शब्द

पानावरच्या ज्या अक्षरांवर बोट ठेवलं की आपण दुसऱ्या पानावर जातो, ती लिंक. दुसऱ्याच्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक ती बॅकलिंक. एवढाच अर्थ, पण मोठा बाजार त्यावर चालतो.

1990 च्या दशकात सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. चप्पल शोधली की ज्या पानावर 'चप्पल' जास्त वेळा, ते वर. मग लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तो शब्द शंभरदा लिहून ठेवायला लागले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी वेगळी वाट धरली. पान स्वतःबद्दल काय सांगतं ते राहू दे, बाकीची पानं त्याच्याकडे किती बोट दाखवतात ते मोजू या, असं त्यांनी ठरवलं. अभ्यासकांच्या जगात ही रीत आधीपासून होती. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला पुढच्या किती जणांनी दिला यावरून त्याचं वजन ठरायचं. यूजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये विज्ञानातल्या अशा दाखल्यांची सूची बाजारात आणली होती. पेज आणि ब्रिन यांनी दाखल्याच्या जागी लिंक बसवली. 1998 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी गूगल कंपनी निघाली. या मोजणीला पेज यांच्या आडनावावरून पेजरँक म्हणतात.

ती मोजणी कशी चालते ते आपल्या गावातच बघू. परगावचा एक माणूस मध्यवर्ती बसस्थानकावर उतरला. त्याला इथलं काही ठाऊक नाही. पहिला भेटला त्याला विचारलं, कुठं जाऊ? तो म्हणाला, अंबाबाईच्या देवळात जा. देवळापाशी हारवाल्याला विचारलं, त्यानं भवानी मंडप दाखवला. मंडपातल्यानं रंकाळ्याची वाट दाखवली, रंकाळ्यावरच्यानं पुन्हा देवळाची. असा हा माणूस वर्षभर फिरत राहिला, दर ठिकाणी दाखवलेल्या वाटांपैकी कुठलीही एक धरत गेला, तर काही जागी तो पुन्हा पुन्हा पोचणार आणि काही गल्ल्यांत वर्षातून एकदाही नाही. जिथं तो वारंवार पोचतो त्या जागेचं वजन जास्त. मधेच कंटाळून तो रिक्षात बसतो आणि भलत्याच पेठेत जाऊन उतरतो, हेसुद्धा या गणितात धरलंय. साधारण 85 टक्के वेळा तो दाखवलेल्या वाटेनं जातो, 15 टक्के वेळा मनाला येईल तिकडे.

यातून एक गोष्ट आपोआप येते. ज्याच्यापाशी स्वतः खूप लोक पोचतात, त्यानं दाखवलेल्या बोटाला जास्त किंमत. तालमीतल्या जुन्या वस्तादांनी एखाद्या पोराकडे बघून "हा पुढं जाईल" म्हटलं की आख्खी पेठ त्या पोराकडे वळून बघते. तेच कट्ट्यावरच्या चार रिकामटेकड्यांनी म्हटलं तर कोण बघतंय? वस्ताद म्हणूनच जपून बोलतात. शब्द टाकला की त्यात आपली पत जाते.

आजचं गूगल लिंकशिवाय इतर अनेक गोष्टी बघतं, पण लिंक अजूनही त्यांतली एक आहे. म्हणून तर ती विकली जाते.

## पाहुणे वाढले आणि रश्शात पाणी ओतलं

पुढची गोष्ट हिशोबाची आहे आणि माझ्या मते सगळा वाद इथंच सुटतो.

एका पानाकडे जेवढं वजन असतं, ते त्या पानावरच्या लिंकांमध्ये वाटलं जातं. माझ्या चप्पलांवरच्या लेखाचं वजन 100 पैसे धरा. (वरचे 15 टक्के तूर्त बाजूला ठेवू.) लेखात मी स्वतः विचार करून 10 लिंका दिल्या. त्यांतली एक कापशी चप्पल हातानं बनवणाऱ्या एका कारागिराच्या पानाची. प्रत्येकाच्या वाट्याला 10 पैसे आले.

आता लेखाखाली 90 कमेंटी पडल्या, प्रत्येकीत एक लिंक : कर्ज देणारे, वजन घटवणारे, पत्त्यांच्या जुगाराचे. या लिंकाही माझ्याच म्हणून मोजल्या तर एकूण झाल्या 100, आणि प्रत्येकाच्या हातावर 1 पैसा. ज्या कारागिरासाठी मी लेख लिहिला, त्याचा वाटा 10 पैशांवरून 1 पैशावर आला. 90 पैसे गेले मी कधी तोंडही न बघितलेल्यांना. पाहुणे वाढले म्हणून तांबड्या रश्शात पाणी ओतत राहिलं तर शेवटी जे उरतं त्याला रस्सा म्हणवत नाही.

कमेंटमधल्या लिंकला वजन मिळालं तर बिघडलं कुठं, कुणाचं काय जातं, असं लोक म्हणतात. जातं. त्या कारागिराचे 9 पैसे जातात.

## अभिप्रायाच्या वहीतली जाहिरात

दसरा चौकात शाहू स्मारकाच्या कलादालनात चित्रांचं प्रदर्शन भरलंय अशी कल्पना करा. दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही. चित्रं बघून माणसं दोन ओळी लिहितात. त्यात एकानं लिहिलं, 'सुंदर चित्रे. आमच्याकडे सोफासेट स्वस्तात मिळतील', आणि खाली फोन नंबर. ही चित्रकाराची शिफारस झाली का? वही त्याच्या प्रदर्शनाची असली तरी अक्षर परक्याचं आहे, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

यंत्राला ते सांगावं लागतं. सर्च इंजिनच्या दृष्टीनं लेख आणि कमेंटी एकाच पानावर, त्यामुळे सगळ्या लिंका पानाच्या मालकानंच दिल्यासारख्या. ही फट लोकांच्या लक्षात आली आणि 2000 नंतर ब्लॉग वाढले तसे हजारो पानांवर आपोआप कमेंट टाकणारे प्रोग्रॅम बाजारात आले. लिहिणारी माणसं हैराण झाली. सकाळी उठून आधी झाडलोट, मग लिखाण. पुष्कळांनी वैतागून कमेंटची सोयच बंद केली.

18 जानेवारी 2005 रोजी गूगलनं एक तोड जाहीर केली. याहू आणि मायक्रोसॉफ्टचं एमएसएन हेही त्यात सामील झाले. लिंकच्या कोडमध्ये एक छोटी खूण घालायची : नोफॉलो. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, लिंक नेहमीसारखीच चालते. सर्च इंजिनला मात्र ती सांगते, 'ही लिंक माझ्या पानावर आहे, पण शब्द माझा नाही. माझ्या वजनातलं हिला देऊ नका.' वर्डप्रेससारख्या ब्लॉग चालवणाऱ्या प्रणालींनी ही खूण कमेंटमधल्या लिंकांना आपोआप लावायला सुरुवात केली. जानेवारी 2007 मध्ये इंग्रजी विकिपीडियानं बाहेर जाणाऱ्या सगळ्याच लिंकांना ती लावली, कारण तिथंही कुणीही येऊन लिहू शकतं.

## खूण आली, मग हे अजून का चालू आहे?

मामांनीही हेच विचारलं. वीस वर्षांमागे दार बंद झालं असेल तर ही एजन्सी आज कशाचे पैसे घेते?

मोजणीचे. विकणारा परिणाम विकत नाही, आकडा विकतो. पाचशे म्हटलं की पाचशे ओळींची यादी दाखवता येते, आणि घेणाऱ्याला त्या ओळींची किंमत कळायला काही साधन नसतं. टाकणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य, कारण काम प्रोग्रॅम करतो. लाख ठिकाणी टाकून चार ठिकाणी खूण नसली किंवा चार माणसांनी दाबलं, तरी त्याचं भागतं. आणि आता यंत्र आधी लेख वाचतं, मग त्याला धरून बऱ्यापैकी मराठीत कमेंट लिहितं. 'व्हेरी नाइस पोस्ट' निदान ओळखू तरी यायचं. माझ्या एका लेखाखाली परवा खापरातल्या मटणाच्या आठवणीची चार ओळींची कमेंट आली. वाचून बरं वाटलं होतं. नाव दाबलं तर कर्जाचं दुकान.

गूगलनंही आपल्या बाजूनं दोर आवळला. 24 एप्रिल 2012 रोजी पेंग्विन नावाचा बदल आला. पैसे देऊन किंवा ढिगानं लावलेल्या लिंकांच्या जोरावर वर चढलेल्या साइट त्यानं खाली आणल्या. धाबं दणाणलेले मालक जुन्या लिंका काढून टाका म्हणून लोकांच्या विनवण्या करत सुटले, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'या लिंका माझ्या हिशोबात धरू नका' असं कळवायची सोय गूगलनं दिली. 2016 मध्ये पेंग्विनचं वागणं बदललं. खोट्या लिंकेपायी आख्खी साइट खाली खेचायची सोडून त्या लिंकेचं वजनच काढून घ्यायचं, असा रोख झाला.

हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. कमेंट कुणीही कुणाच्याही नावानं टाकू शकतो. अशा लिंकेला बक्षीस दिलं तर लबाड स्वतःच्या नावानं टाकणार. शिक्षा दिली तर तोच लबाड शेजारच्या दुकानाच्या नावानं टाकणार. मामांच्या नावानं आजीच्या लेखाखाली लिहिणाऱ्यानं मामांना विचारलं होतं का? जी लिंक कुणीही लावू शकतो ती ज्याच्याकडे जाते त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करणं हाच न्याय.

## 2019 चा बदल

10 सप्टेंबर 2019 रोजी गूगलनं या खुणेच्या अर्थात सुधारणा केली. नोफॉलोच्या जोडीला दोन नव्या खुणा आल्या. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड'. वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकेला 'यूजीसी', म्हणजे वापरणाऱ्यांनी तयार केलेला मजकूर. त्याच वेळी गूगलनं असंही सांगितलं की यापुढे या खुणा हुकूम म्हणून नाही, इशारा म्हणून धरू. खूण असलेली लिंक मोजायची की नाही हे आम्ही बाकी गोष्टी बघून ठरवू.

काहींनी याचा अर्थ लावला की कमेंटचं दार पुन्हा उघडलं. विकणाऱ्यांनी तर लगेच लावला. पण इशारा म्हणजे परवाना नव्हे. मालकानं 'हा माझा पाहुणा नाही' म्हणून सांगितल्यावर वाढपी त्याला सहसा पंगतीत बसवत नाही, क्वचित एखाद्याला ओळखून बसवेलही. त्या क्वचितवर पाचशे लिंकांचा धंदा उभा राहू शकत नाही. यूजीसी ही खूण मला आवडते ती वेगळ्या कारणानं. नोफॉलो म्हणजे 'मला माहीत नाही'. यूजीसी म्हणजे 'हे वाचकानं लिहिलंय'. कोण बोलतंय ते तरी ती खरं सांगते.

## मग वजन द्यावं का?

आपोआप देऊ नये. कुठल्याच कमेंटमधल्या लिंकला, ती केवळ माझ्या पानावर आहे एवढ्यासाठी, वजन मिळू नये. शब्द माझा असेल तरच माझी पत त्यामागे जावी. मात्र कमेंट लिहिणाऱ्यानं खरंच मोलाचं काही दिलं असेल, तर ते वजन त्याला हातानं द्यायची सोय मालकाकडे आहे आणि त्यानं ती वापरावी. आळसानं न वापरणं हा त्या वाचकावर अन्याय आहे. यावर जे आक्षेप येतात ते मला ओळखीच्या लिहिणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतात.

## "मी प्रत्येक कमेंट वाचूनच मंजूर करतो"

वाचून मंजूर करणं म्हणजे बोलू देणं. ग्रामसभेत सरपंच सगळ्यांना बोलू देतो, म्हणून प्रत्येकाचं म्हणणं सरपंचाचं होत नाही. 'लेखात तारीख चुकली आहे' असं कुणी लिहिलं तर मी ते मंजूर करतेच, पण त्याच्या नावाखाली दडलेली वेबसाइट कसली आहे, सहा महिन्यांनी तिथं काय असेल, हे मी बघितलेलं नसतं. साइटची मुदत संपते, नाव दुसराच कुणीतरी विकत घेतो आणि काल जिथं पाककृती होत्या तिथं आज भलतंच असतं. मी मंजूर केली होती कमेंट, पुढच्या मालकाची दुकानदारी नाही.

ज्याला खरोखर प्रत्येक लिंक तपासायची तयारी आहे त्यानं खूण काढावी, त्याला कुणी अडवत नाही. खूण आल्यानंतरच्या काही वर्षांत अनेक ब्लॉगवाल्यांनी 'आमच्याकडे कमेंट करा, आम्ही वजन देतो' म्हणून आपापल्या साइटवरची खूण मुद्दाम काढली होती. हेतू चांगला होता, लिहिणाऱ्यांना उत्तेजन मिळावं. झालं काय, तर अशा साइटींच्या याद्या फिरायला लागल्या आणि चर्चा करणाऱ्यांच्या आधी लिंक टाकणारेच येऊन पोचले.

## "मराठीत आधीच लिंका कमी, त्यात हाही मार्ग बंद?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो खरा आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला कुणी ना कुणी दाखला देतं. मराठीत चांगलं लिहिणारी माणसं दूरदूर विखुरलेली. गडहिंग्लजला बसून कुणी पिकांच्या जुन्या जातींबद्दल लिहितं, कागलला कुणी जुन्या मोडी कागदांबद्दल, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. सुरुवातीच्या काळात मराठी ब्लॉगवाले एकमेकांकडे पोचले ते कमेंटमधूनच. कुणाच्या लेखाखाली काही नेमकं वाचलं, नाव दाबलं, तर मागे आख्खं लिखाण उभं. माझ्या आवडीच्या तीनचार जणांकडे मी अशीच पोचले.

पण ती वाट बंद झालेली नाही. नोफॉलो किंवा यूजीसी लावली तरी लिंक चालते, माणूस जाऊ शकतो, वाचू शकतो, परत येऊ शकतो. खूण फक्त यंत्राच्या वजनकाट्यासाठी आहे. मराठी लिहिणाऱ्याला खरी भूक वाचकाची आहे, आणि वाचक माणूस असतो.

वजनाचं विचाराल तर उलट बाजू बघा. लिंकांना आपोआप वजन मिळालं असतं तर ते कुणाला मिळालं असतं? कागलच्या मोडीवाल्याला, जो महिन्यातून दोन कमेंटी विचार करून लिहितो? की रात्रीत दहा हजार टाकणाऱ्या प्रोग्रॅमला? जिथं मतं फुकट आणि अमर्याद टाकता येतात तिथं सगळ्यात जास्त मतं सगळ्यात निर्लज्ज माणसाची असतात. मराठीतली पानं मुळात कमी, त्यांचं एकूण वजनही कमी. त्या तुटपुंज्या वजनावर बाहेरच्या कर्जवाल्यांनी डल्ला मारला तर आपल्याच माणसांचा वाटा जातो. वरचा पैशांचा हिशोब पुन्हा लावून बघा.

कमी आहे ती लेखात दिलेल्या लिंकांची. आपण मराठी लिहिणारे फार कंजूष आहोत. दुसऱ्याच्या लेखातून माहिती घेतो, 'एका ठिकाणी वाचलं' म्हणतो आणि पुढे जातो. नाव घेत नाही, लिंक देत नाही. ज्याचं घेतलं त्याला लेखातच लिंक द्यायची सवय आपल्याला लागली, तर कमेंटच्या फटीतून वजन शोधायची वेळ कुणावर येणार नाही.

## "गूगल एवढं हुशार आहे, तर खुणेची गरज काय?"

गूगल पुष्कळ ओळखतं, पण पानावरचं कुठलं वाक्य कुणाचं, हे पानाच्या मालकाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगावं. बहुतेक प्रणाली खूण आपणहून लावतात, तुम्हाला काही करायचंही नसतं. कुणाकडून खास कोड लिहून साइट बनवून घेतली असेल तर मात्र बनवणाऱ्याला एकदा विचारा. मी बघितलेल्या अशा कितीतरी साइटवर ती राहून गेलेली असते.

## "खूण लावली की आपलं वजन आपल्याकडेच वाचतं ना?"

एके काळी लोक असंच समजायचे, आणि स्वतःच्याच नको त्या पानांना नोफॉलो लावून वजन हव्या त्या पानांकडे वळवायचे. 2009 मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी सांगितलं की तसं होत नाही. दहा लिंकांपैकी पाचांना खूण लावली, तर त्या पाचांचा वाटा उरलेल्या पाचांना मिळत नाही, तो हवेत जातो.

आता हे आमच्या 100 पैशांना लावा. 90 कमेंटींना खूण लावली तर कर्जवाल्यांना काही मिळालं नाही, हे खरं. पण त्या हिशोबानं कारागिराला त्याचे 10 पैसे परत मिळतातच असं नाही, मधले 90 हवेत. म्हणून खूण लावून कचरा तसाच पडू देणं मला पटत नाही. कचरा काढायचा. दर रविवारी सकाळी मी अर्धा तास त्यालाच देते. आणि वाचणाऱ्या माणसाचं काय? आजीच्या फोटोखाली जुगाराची जाहिरात दिसली तर यंत्रानं ती मोजली नाही म्हणून नातवंडांना बरं वाटणार आहे का?

## मामांच्या यादीचं काय केलं

मामांनी उरलेले पैसे दिले नाहीत. यादीतल्या साइटींवरच्या लिंका मोजू नका असं गूगलला कळवायचं का, असं पुतण्यानं विचारलं. मी नको म्हटलं. गूगलचं स्वतःचं सांगणं असं की बहुतेकांना या सोयीची गरज नाही. तुमच्यावर तशी कारवाईची नोटीस आली असेल किंवा यायची शक्यता असेल तरच ती वापरा. अशी काही नोटीस आलेली नव्हती.

एक काम मात्र मामांनी त्याच दिवशी करायला लावलं. आजीबद्दल लिहिणाऱ्याला त्यांनी माझ्याकडून मेल लिहून घेतलं. स्वतः सांगत गेले, मी टाइप केलं : आमच्या दुकानाच्या नावानं तुमच्या लेखाखाली जे आलं ते आम्ही लिहिलेलं नाही, पण पैसे आमचे होते, म्हणून माफी मागतो, ते काढून टाका. दोन दिवसांनी उत्तर आलं. कमेंट काढली होती. तो लेख लिहिणाऱ्या मुलीनं कळवलं होतं की आजी कोल्हापूरची, शुक्रवार पेठेतली, आणि शेवटपर्यंत कोल्हापुरीच घालायची.

आणि एक माझ्याकडचं. चप्पलांवरच्या त्याच लेखाखाली गेल्या रविवारी कचरा काढताना एक कमेंट सापडली, तीन आठवडे मंजुरीसाठी पडून. कुरुंदवाडकडच्या एका वाचकानं लिहिलं होतं की चपलेच्या दोन्ही बाजूंना येतात त्यांना तुम्ही नुसत्या 'पट्ट्या' म्हटलंय, आमच्यात त्यांना 'कान' म्हणतात. सोबत त्यांच्या घरच्या पानाची लिंक. ते पान उघडलं. फळीवर मांडलेली रापी, आरी, कातड्याच्या वादीचं भेंडोळं, आणि एका चपलेचा इतका जवळून काढलेला फोटो की वेणीचा एकेक पीळ मोजावा. एकही खिळा नाही, सगळी शिलाई वादीची. दोनदा वाचलं, वडिलांच्या हाताबद्दल लिहिलंय ते चार वेळा.

कमेंट मंजूर केली, तिच्यातली लिंक यूजीसीची खूण घेऊन तिथंच राहिली. मग लेख उघडला, 'पट्ट्या' खोडून 'कान' केलं, आणि त्या शब्दावर त्यांच्या पानाची लिंक दिली. ही अकरावी. तिला कसलीच खूण लावलेली नाही.